नाशाच्या यादीतली विहीर

जावयाच्या हातात कागद पडला की त्याचे चार तुकडे झालेच म्हणून समजा, आणि पार्वतम्माला नेमकं हेच खपत नव्हतं. दिराच्या नातीची लग्नपत्रिका तिनं जळकोटाकडच्या आपल्या गावाहून पदरात बांधून लेकीकडं आणली होती. आशीर्वाद देणाऱ्यांत तिचं नाव छापलेलं, जन्मात पहिल्यांदा! लेकीनं बघायच्या आधीच धुळाप्पानं पत्रिका उचलली, तारीख बघितली, "हे लगीन झालं की परवाच," म्हणाला अन् टर्र टर्र, चार तुकडे करून रद्दीच्या पिशवीत.

धुळाप्पा तालुक्याच्या कचेरीत जुनी दप्तरं सांभाळणारा कारकून. मुदत संपलेला कागद त्याला डोळ्यापुढं बघवत नसे.

सासूनं जावयाशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी त्यांच्यातली रीत. म्हणून पार्वतम्मा भिंतीशी बोलायची. भिंतीला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं.

"भिंती, तुला अजून फाडली न्हाय हे नशीब तुझं. मुदत तर तुझीबी झाल्यावानी दिसती."

लेक, इरम्मा, चुलीपुढं पदर तोंडाला लावून हसली. "अव्वा, आलीस कशाला ते तरी सांग."

काम लहान नव्हतं. त्र्याहत्तर सालच्या दुष्काळात गावानं सरकारी कामावर विहीर खोदली होती. पार्वतम्मानंही डोक्यावर पाट्या वाहिल्या होत्या. जागा आबारावांनी गावाला लिहून दिली, अन् साक्षीला पार्वतम्माचा अंगठा लागला. आता आबाराव राहिले नव्हते. त्यांचा लेक नानासाहेब विहिरीला काटेरी कुंपण घालून बसला होता. म्हणे, विहीर माझ्या रानात. गावाची असंल तर कागद दाखवा. पाऊस यंदाही रुसलेला. बाया पाण्याला मैलभर चालत होत्या.

तो कागद कचेरीत असेल का, इरम्मानं नवऱ्याला विचारलं. भाकरी मोडता मोडता धुळाप्पा थांबला.

"दुष्काळी कामाचं दप्तर? धा वर्सं झाली त्याला. नाशाच्या यादीत हाय. उद्या फाडायचं."

"भिंती!" पार्वतम्मा ओरडली. "अख्खी विहीर फाडाया निघाले गं हे!"

"त्या भिंतीला सांग," धुळाप्पा बायकोला म्हणाला, "कचेरीचं कचेरीत. घरी बोलायचं न्हाय." अन् पुन्हा जेवायला लागला.

सकाळी पार्वतम्मा कचेरीत हजर. व्हरांड्यात नायब साहेब खुर्ची टाकून बसलेले, पुढ्यात गठ्ठ्यांचा ढीग. बंडप्पा शिपाई एकेक कागद उभा फाडी, आडवा फाडी, पोत्यात टाकी.

"चिंध्या कशाला करतो रे?"

"मावशी, अख्खा कागद रद्दीत गेला तर उद्या त्यात भजी येत्यात, अन् लोकांची नावं बाजारभर होत्यात. म्हणून आधी फाडायचं, मग पोतं कागदाच्या गिरणीला."

पार्वतम्मानं लुगडं सावरलं आणि सरळ ढिगावर बसकण मारली. "मग आधी मला फाड!"

गलका ऐकून धुळाप्पा बाहेर आला. तिनं लगेच दारातल्या लोखंडी कपाटाकडं तोंड फिरवलं. "कपाटा, माझा अंगठा काढून दे, मी उठते."

"कपाटाला म्हणावं," धुळाप्पाही कपाटाकडंच बघत म्हणाला, "घरचं माणूस म्हणून कागद देता येत न्हाय. नकलेचा अर्ज लागतो."

"अहो, हे कोण कुणाशी बोलतंय?" नायब साहेब चक्रावले.

जावयाच्या दारात अर्ज! पार्वतम्माच्या नाकाला मिरची झोंबली. पण मैलभर चालणाऱ्या बाया डोळ्यापुढं आल्या. बंडप्पानं अर्ज लिहिला, तिनं अंगठा दिला. धुळाप्पानं अर्जावर शिक्का मारला, वहीत नोंद केली, अन् ढिगाकडं ढुंकून न बघता कपाटाच्या वरच्या कप्प्यातून लाल रुमालात बांधलेलं दप्तर काढलं.

"फाडायच्या आधी पान न् पान वाचायचं असतं," तो कपाटाला सांगू लागला. "ज्यात कुणाचा हक्क असंल, जमीन असंल, ते लाल रुमालात. ते कायमचं. हे पान म्या गेल्या महिन्यातच इकडं घातलंय."

वर आबारावांची सही, खाली अंगठा. खडी फोडताना चिरलेल्या बोटाची आडवी रेघ त्यात जशीच्या तशी. पार्वतम्माला अक्षर कशाला लागतंय!

"कपाटा, मग हे रातीच का न्हाय सांगितलंस रे? डोळ्याला डोळा न्हाय माझा."

"राती कपाट न्हवतं की घरी," धुळाप्पा म्हणाला.

नायब साहेब खुर्चीसकट हलले. हसतच त्यांनी नकलेवर सही केली. पार्वतम्मानं नक्कल पदराच्या गाठीत बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. मग ती कपाटाकडं पाठ करून वळली आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा जावयाच्या तोंडाकडं बघून बोलली.

"जावईबापू, फाडणारे लई बघितले, वाचून फाडणारे तेवढे तुमीच. विहिरीपायी तुमाला शंभर गुन्हे माफ. पण आमच्या पत्रिकेची तुमी निस्ती तारीख बघितली, सासूचं नाव वाचलं न्हाय. तवा आज सांजच्याला खळ लावून चारी तुकडे जोडायचे, अन् मगच ताटावर बसायचं!"