तिसऱ्या वळणावरचं थांबणं

चार भोकांचं तपकिरी बटण, एका कडेला टवका उडालेलं. कीबोर्डच्या शेजारी ते असतंच, आणि सवयीनं तो ते अंगठ्याखाली फिरवत होता. समोर पडद्यावर त्याच्या नव्या व्हिडिओ गेमवरच्या लेखातली ती ओळ, कितीही वेळा वाचली तरी तीच: ‘पहिल्या खेळात सैनिक थांबतात, दुसऱ्यात त्यांना थांबवलं जातं.’ बाकी लेख बरा होता. दुसऱ्या भागातली चित्रं देखणी, बुरूज सोळाच्या जागी चाळीस, धुकं काय, संगीत काय... सगळं कौतुक करून झाल्यावर ही एक ओळ, शेवटच्या घासाला खडा लागावा तशी.

खेळ तसा साधा. एक नागमोडी वाट, तिच्या टोकाला गाव. वाटेनं सैनिक चालत येतात आणि खेळणाऱ्यानं कडेकडेनं बुरूज उभारून त्यांना गावात शिरण्याआधी रोखायचं. असे खेळ तेव्हाही पैशाला पासरी होते. पण ‘आमच्या’ खेळात — आमच्या म्हणताना हल्ली त्याची जीभ जरा अडखळते — तिसऱ्या वळणावर सैनिक क्षणभर थांबत. अर्धा सेकंद. मग पुन्हा चालू लागत. लोक भाळले ते यावरच. कुणी लिहिलं, त्यांना घर आठवतं. कुणी लिहिलं, त्या अर्ध्या सेकंदात माझ्याच्यानं बाण सोडवत नाही. पहिल्या मुलाखतीत विचारलं गेलं तेव्हा तो म्हणाला होता, “शत्रूलाही मन असतं, एवढंच दाखवायचं होतं.” वाक्य झकास जमलं होतं. नऊ वर्षं वापरून वापरून ते इतकं गुळगुळीत झालं की आपण ते कधीतरी जागेवर बनवलं होतं हेच तो विसरून गेला. विसरून गेला, की विसरायची सवय लावून घेतली... आणि त्याच्या कंपनीनं दुसरा भाग करायचा ठरवला तेव्हा सगळा खेळ त्या वाक्यावरच उभा राहिला. आता सैनिक प्रत्येक वळणावर थांबतात, मागे वळून बघतात, एकाच्या तर डोळ्यांत पाणीही येतं.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. मास्तर.

मास्तर म्हणजे त्याचा पहिल्या खेळातला जोडीदार. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला आणि पंचावन्नाव्या वर्षी हौसेनं प्रोग्रॅमिंग शिकलेला माणूस. फोन उचलण्याआधी त्यानं पडद्यावरचा लेख बंद केला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

“संपवला बरं का,” मास्तर म्हणाले. नमस्कार-चमत्कार काही नाही. “अठ्ठेचाळीसही पातळ्या. तुझ्या काकूनं एकवीस केल्या. पुढे म्हणाली, धुक्यात मला दिसत नाही.”

“मास्तर, तुम्ही कशाला घेतलात... मी पाठवणारच होतो.”

“असू दे रे. चांगला झालाय. पहिल्यापेक्षा चांगला. पहिल्यात आपल्या चुका फार होत्या.”

मास्तर तोंडदेखलं बोलत नाहीत. उत्तर बरोबर किंवा चूक, मधलं काही त्यांना येतच नाही. म्हणूनच ते कौतुक त्याला जास्त लागलं. शिवी दिली असती तर निदान उलटून बोलता आलं असतं.

“एकच विचारायचं होतं,” मास्तर म्हणाले. “ते सारखे थांबून मागे काय बघतात?”

मग पलीकडून, जरा लांबून, काकूंचा आवाज आला. “अहो, त्याला सांगा, माझा गुडघा आता बरा आहे म्हणावं. चालू दे बिचाऱ्यांना.”

मास्तर हसले. नुसतेच हसले, त्यात काही टोमणा नव्हता. फोन ठेवल्यावरही त्याला ते हसू ऐकू येत राहिलं, आणि एकेक आठवत गेलं, नको नको म्हणत असताना.

मास्तरांच्या घरची मधली खोली. फरशीवर आठ आलेखकागद चिकटवून केलेली वाट. मास्तरांचा नियमच होता, फरशीवर हरून बघितल्याशिवाय संगणकाला हात लावायचा नाही. बुरूज म्हणजे काकूंच्या शिवणाच्या डब्यातली बटणं. सैनिक म्हणजे टिकल्या, आणि त्या बोटानं पुढे सरकवायचं काम काकूंचं, कारण त्यांचा हात एका लयीत चालायचा. मास्तर घड्याळ धरून बसत आणि वहीत आकडे लिहीत. तो स्वतः दाराशी चहाचा कप घेऊन उभा असे. तिसऱ्या वळणापर्यंत काकूंचा हात पुरायचा. तिथून पुढे पोचायला त्यांना दुखरा गुडघा उचलून पलीकडे टेकवावा लागायचा, आणि तेवढा वेळ टिकली कागदावर एकटी थांबायची. ‘आई गं’ म्हणायच्या, आणि पुन्हा सरकवायला लागायच्या. मास्तरांनी तोही वेळ मोजला. हिशेब त्याच्यासकट जमला होता, म्हणून थांबणंही खेळात उतरलं. बस. घर नाही, मन नाही. एका बाईचा गुडघा.

हे त्याला माहीत होतं. तो तिथे उभा होता.

आणि कंपनीच्या त्या बैठकीत, “तुमचे ते मास्तर दुसऱ्या भागाला लागतील का?” असं कुणीसं विचारलं तेव्हाही तो होता. तो नाही म्हणाला नव्हता. तो खिडकीबाहेर बघत मूग गिळून बसला होता, आणि पुढचा विषय निघाला होता. नव्या खेळाच्या शेवटी दोनशेवर नावं सरकत जातात. मास्तरांचं नाव ‘विशेष आभार’मध्ये आहे, इमारतीच्या पहारेकऱ्याच्या आधी. काकूंचं नाहीच. मास्तरांनी अठ्ठेचाळीस पातळ्या संपवल्या म्हणजे ती नावंही बघितली असणार. त्याबद्दल ते अक्षर बोलले नाहीत.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवायला तो उतरला नाही. खाली कंपनीतले लोक भेटतील, अभिनंदन करतील.

चार वाजता मुलाखत घेणारी बाई आली. पहिला आणि दुसरा भाग यांची तुलना करणारा मोठा लेख ती लिहीत होती. तरणी, हुशार, वहीत प्रश्न नीट लिहून आणलेले. आज सांगायचं, असं त्यानं जिना उतरताना ठरवलं होतं. मास्तरांचं नाव, काकूंचं नाव, गुडघा, सगळं. एकदाचं.

“सर, ते थांबणं,” तिनं विचारलंच. “ते तुम्हाला कसं सुचलं?”

“ते माझं नाही,” तो म्हणाला.

तिनं वहीतून मान वर केली आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून तो हबकला, कारण तो आदर होता.

“म्हणजे ते आपोआप आलं. कलाकाराच्या हातून होऊन जातं तसं,” ती म्हणाली आणि भराभरा लिहायला लागली. “किती साधेपणानं सांगता तुम्ही.”

नाही हो, तसं नाही, एक काकू होत्या... एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तोंडाशी तयार होतं. पण त्याला आत कुठेतरी ऊब वाटत होती, ओळखीची, नऊ वर्षांच्या सरावाची, आणि ती सोडवेना. मग त्याच्या ध्यानात आलं की ‘ते माझं नाही’ हे आपण मान किंचित खाली घालून म्हणालो, आवाज जरासा उतरवून म्हणालो, शेवटी थांबलोसुद्धा. खरं बोलायला गेलो तेही असं, की कुणाला खरं वाटू नये.

आजवर त्याला वाटत होतं की आपण एकदा खोटं बोललो आणि ते निस्तरायचं राहून गेलंय. निस्तरणारा वेगळा कुणी आत शिल्लक आहे, हे तो धरूनच चालला होता.

“पुढचा प्रश्न घेऊ?” तिनं विचारलं.

“घ्या ना,” तो म्हणाला, आणि हाही आवाज त्याला आवडला.