दार लावून ऐकव

बसा हितं, टेकून बसा. लातूरची गाडी लागायला अजून टाइम हाय, तवर तुमाला एका दाराची गोष्ट सांगतो. दार व्हतं तिकडं आयर्लंडात, अन् ते पारखलं आपल्या निलंग्याच्या वीरण्णानं, घरच्या ओट्यावर बसून. खोटं वाटलं तर मधूनच उठून जावा, मी राग धरणार न्हाई.

तर, धाडकन आवाज आला फोनमधून. वीरण्णानं डोळे मिटून मान हलवली.

"न्हाई माय. डबडं हाय."

"आप्पा, चांगली हाय की. मागच्या दोन गाड्यांला बी तुमी असंच म्हणलाव."

"पत्रा वाजायलाय. सोड ती."

पलीकडं, व्हिडिओत, सुकन्या, त्याची एकुलती एक लेक, पांढऱ्या गाडीपाशी हुबी. वाऱ्यानं तिची टोपी उडायली व्हती. ती टोपी धरत म्हणली, "बरं. पुढच्या शनवारी दुसरी बघते."

फोन ठिवला. बाजूला सिंधुबाई तुरीच्या शेंगा सोलत बसलेली.

"अवो, किती दारं हापटायला लावताव लेकीला? तिथला मालक काय म्हणत असंल?"

"तुला गाडीतलं काय कळतंय?"

"गाडीतलं न्हाई कळत," सिंधुबाई म्हणली अन् पुढची शेंग फोडली.

आता वीरण्णाला गाडीतलं किती कळतंय ते सांगतो. सव्वीस वर्सं काळीपिवळी जीप हाकली त्यानं, निलंगा ते लातूर, औश्यावरून. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की पहिलं वीरण्णाला उचलून न्यायचे. हा बाबा इंजिनाकडं बघायचाच न्हाई. दार उघडायचा, दोन बोटांनी सोडून द्यायचा अन् कान द्यायचा. गाडी कुटं धडकलेली असंल, कुणी वरून रंग मारून झाकली असंल, तर त्याला त्या आवाजात घावायचं. सुकन्या सहा वर्साची असल्यापासून त्याच्या मांडीला चिकटून तेच ऐकत मोठी झाली. ह्या बाबतीत वीरण्णा कुणाला खोटं बोलला न्हाई, सख्ख्या साडूला सुदिक न्हाई.

लेक लातूरला नर्सिंग शिकली अन् पाच वर्सांमागं आयर्लंडाला गेली. जाताना म्हणली, "आप्पा, दोन वर्सं करते अन् येते." दोनाची तीन झाली, चार झाली. पण तिनं तिकडं काही घेतलं न्हाई. पलंग घरमालकाचा, खुर्ची घरमालकाची. फोनवर म्हणायची, "दोन ब्यागात मावंल तेवढंच घेते, आप्पा." हे वाक्य वीरण्णानं हाटेलात इतक्यांदा सांगितलं, की चहावाल्याला बी पाठ झालं.

मग दिवाळीनंतर तिची बदली दुसऱ्या दवाखान्यात झाली, बारक्या गावात. बस दीड तासाला एक. बारा-बारा तास उभ्यानं ड्युटी करायची, अन् परत थांब्यावर वाऱ्यात उभं ऱ्हायचं. एका शनवारी ती म्हणली, "आप्पा, गाडी बघायलेय. बारकीच, पण बसायला आरामाची. कंबर लई धरायलीय."

गाडी काही दोन ब्यागात मावत न्हाई.

वीरण्णा एवढंच बोलला, "मला दार ऐकवल्याबिगर घिऊ नको."

पहिली गाडी लाल व्हती, तिचं दार खरंच गेलेलं. दुसरीत काही खोट नव्हती. "बिजागरी गंजलीय," वीरण्णा म्हणला, अन् त्या दिवशी ताटातली भाकर तशीच सारली. तिसरी ती पांढरी. तिचं तर तुमी आताच ऐकलाव.

चवथ्या शनवारी निळी आली. मुठीएवढी गाडी. सुकन्यानं फोन आत धरला अन् सीटवर बसून दाखवलं.

"सीट बेस हाय, आप्पा. पाठ टेकली की जागेवर बसतीय. पाय बी पुरायलेत."

"उतर. दार ऐकव."

ती उतरली. उतरताना एक हात दाराला, दुसरा कंबरेवर, अन् तोंडातून "शिवा" निघालं. औश्याच्या खड्ड्यातून आल्यावर जीपमधून म्हाताऱ्या उतरायच्या, आगदी तशी. लेक एकोणतीस वर्साची.

वीरण्णानं फोन कानाला लावला.

ठप्.

धान्यानं भरल्या कणगीवर थाप मारावी तसा घट्ट आवाज. सिंधुबाईचा हात शेंगेवर थांबला. तिला बी कळलं.

वीरण्णानं फोन कानाला तसाच दाबून धरला. तशी पलीकडून सुकन्याच म्हणली, "ढिलं वाटायलंय न्हवं, आप्पा? मला बी तसंच वाटलं. ऱ्हाऊ द्या, ही बी सोडते."

वीरण्णानं फोन कानावरून काढून समोर धरला. लेकीचं तोंड बघितलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती, दाराच्या मुठीकडं बघत व्हती. तिचे कान त्यानंच तयार केले व्हते.

"न्हाई माय," तो म्हणला. "दार चांगलं हाय."

"नीट ऐकलाव का? वारं लई हाय हितं."

"ऐकलं."

"अजून एकडाव लावू?"

"लाव."

ठप्.

तिसऱ्यांदा तिनं न इचारताच लावलं. ठप्. मग फोन खाली गेला अन् निस्तं आभाळ दिसाय लागलं, राखाडी. वीरण्णा त्या आभाळाकडंच बघत बसला.

"घे," तो आभाळाला म्हणला. "अन् कंबरेला बारकी उशी ठिव. मला त्या उशीनंच सव्वीस वर्सं काढू दिली."

"हाव, आप्पा."

सिंधुबाई उठली अन् शेंगांचं सूप घिऊन आत गेली. आतून बऱ्याच येळानं स्टोव्हचा आवाज आला.

ह्याला आता दोन म्हैने झाले. तो बघा, रस्ता वलांडून यायलाय, काखेत कागदं धरलेला, तोच वीरण्णा. पासपोर्टाच्या हापिसात चाललाय, ह्याच गाडीनं. जागा मिळंल तिथं बसंल, बहुतेक तुमच्याच शेजारी. बोलका हाय, औसा येस्तोवर सगळं सांगंल. तुमी फकत येवढं करा, पाव्हणं. लेक परत कवा येणार, असं त्याला इचारू नका. गाडी कशी चाललीय, तेवढं इचारा.