एका पडद्यावर दोघी

घरात संगणक एक आणि जावा दोन. मोठी मासिकांसाठी विणकामाचे नमुने करायची. कुठल्या ओळीत किती टाके, रंग कुठे बदलायचा, त्याचे चौकटीचौकटींचे तक्ते. धाकटी डॉक्टरांचं रेकॉर्डिंग ऐकून रुग्णांचे अहवाल टाइप करायची. ते दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडू नयेत ही दवाखान्याची अट, म्हणून तिचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा.

एकीने लॉगआउट केल्याशिवाय दुसरीला बसता येत नसे. धाकटीचं कुठे रेकॉर्डिंग लागतंय, तोवर मोठीला मासिकाचा फोन यायचा. दिवसभर नुसत्या उठाबशा. शेवटी धाकटीने डोकं लढवलं. मोठीच्या खात्यातून बाहेर न पडता, तिच्याच पडद्यावर आपला प्रोग्राम आपल्या खात्याने चालवायचा. आधी मशीनने दाद दिली नाही. पडदा मोठीचा, त्यावर परक्याची खिडकी उघडेना. मग मोठीच्या खात्यातून परवानगीची एक ओळ टाइप केली आणि तक्त्याच्या शेजारी धाकटीची खिडकी आली. फायली मात्र जिच्या तिच्या कुलपात.

"एका म्यानात दोन तलवारी राहिल्या बाई एकदाच्या," मोठी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

एके दुपारी धाकटी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. मोठीने एक ओळ आधी कॉपी करून ठेवली होती, ती तक्त्याखाली चिकटवायला गेली तर टाक्यांऐवजी भलतंच उमटलं: 'दोन खोल्या, स्वतंत्र दार चालेल. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं राहायला येऊ.'

खाती दोन होती, पण पडदा एकच. कॉपी केलेला मजकूर दोघींचा सामाईक झाला होता, आणि हे दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मोठीने ते पुसलं. मनातून पुसेना. धाकटी वर आहे की जिन्यात, याचा कानोसा घेत ती स्वयंपाकघरात गेली, कशासाठी आलो ते विसरली, परत आली. पुढचे काही दिवस तिच्या पायाला भिंगरी लागली. घासलेली भांडी पुन्हा घासली. एका स्वेटरला तिसरी बाही निघेल असा तक्ता पाठवला. मासिकवालीने हसून परत केला. नवऱ्याला सांगावं तर तो जाऊन धाकट्या भावाला विचारणार आणि घरभर बोभाटा होणार. धाकटी नेहमीसारखी चहा पुढे करायची, आणि मोठीचा तो कपातच गार व्हायचा. आपलं काय चुकलं, कधी टोचून बोललो, ते ती आठवत राहिली. काहीबाही आठवायचंही.

शेवटी धाकटी रेकॉर्डिंग ऐकत असताना मोठीने तिच्या कानावरचा हेडफोन बाजूला केला.

"खोल्या बघितल्यात ना तुम्ही?"

धाकटीचा चेहरा उतरला. कुणी सांगितलं, असं तिने विचारलं. मोठीने कसं कळलं ते सांगितलं. ऐकून धाकटी आधी घाबरली ती अहवालांसाठी. रुग्णाचं नाव असं उमटलं असतं तर? त्याच दुपारी तिने आपला प्रोग्राम वेगळ्या बंदिस्त चौकटीत टाकला, तेव्हापासून इकडचा शब्द तिकडे जाईना. पण ते नंतर. आधी तिने रेकॉर्डिंग थांबवलं.

"तुम्हाला सांगायला ह्यांना तोंड नव्हतं, ताई," ती म्हणाली. "मलाही नव्हतं. भांडून जायचं असतं तर कधीच सांगितलं असतं. आम्हाला फक्त आमचं दार हवंय."

मोठीला राग आला. जाण्याचा नाही, चोरून जाण्याचा. ती उठली, खिडकीपाशी गेली, पुन्हा येऊन बसली. मग म्हणाली, भाऊजींना सांग, थोरल्या भावाशी स्वतः बोला, माझ्या पदराआड लपू नका. तो त्या संध्याकाळीच बोलला. थोरला जेवला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

दोन दिवसांनी मोठी धाकटीबरोबर खोल्या बघायला गेली. नळ सोडून पाहिला, भिंतीची ओल बोटाने चाचपली, मालकाला दोन शब्द सुनावले. धाकटी म्हणाली, बसा ना जरा. मोठी बसली नाही. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून पहिलीत, ती फिरतच राहिली.