खालची वस्ती

मला सहसा किळस येत नाही. उकिरडे उपसणं हाच माझा धंदा. इस्राएलच्या उत्तरेला हाझोर नावाचं प्राचीन कनानी शहर गाडलं गेलंय. तिथे दोन उन्हाळे मी राख, हाडं आणि फुटकी खापरं चाळण्यात घालवले. तेव्हा पोटात कधी ढवळलं नाही. ढवळलं ते सिडनीत, झूमवर, चांगल्या शिकल्यासवरल्या मराठी माणसांत.

दुसरा लॉकडाऊन चालू होता. मी सिडनीच्या कॅसल हिल उपनगरात गुरुदत्तदादा आणि सरिताताईंच्या परसातल्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये, म्हणजे एका खोलीच्या वेगळ्या घरात, भाड्याने राहत होते. पीएचडी पुरी होईपर्यंत ती खोली टिकवायची, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा उरली होती, कारण त्या दिवसांत नवी खोली दाखवायलाही कोणी दार उघडत नव्हतं. म्हणून जेव्हा दादा म्हणाले, "क्षितिजा, शनिवारी झूमवर आपल्या मराठी मंडळींना तुझं ते शहर समजावून सांग," तेव्हा मी मुकाट हो म्हटलं.

आम्ही पुरातत्त्ववाले इंग्रजीत 'अपर सिटी' आणि 'लोअर सिटी' म्हणतो. उंचावर राजवाडा, आणि खाली पसरलेलं त्याच्या कितीतरी पट मोठं शहर. मराठीत सांगायच्या भरात मी बोलून गेले, "वरची वस्ती आणि खालची वस्ती." इथेच माती खाल्ली. मराठी माणसाला 'खालची वस्ती' म्हटलं की जमिनीची उंची दिसत नाही, माणसं दिसतात.

दादांनी लगेच अनम्यूट केलं. "बघा, म्हणजे तेव्हाही त्या लोकांना वेगळं ठेवायची सिस्टिम होती. आपल्याकडच्या शिवाशिवीला लोक उगाच नावं ठेवतात. इट वॉज बेसिकली सोशल डिस्टन्सिंग. आता सगळं जग तेच करतंय."

पडद्यावर टाळ्यांचे पिवळे हात उमटले. एका बाईंनी नमस्कार टाकला. मला खरोखर मळमळलं. माझ्या पणजोबांच्या ओंजळीत लोक लांबून पाणी ओतायचे, ते आता आरोग्यशास्त्र झालं होतं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे यांना माझ्या जातीचा पत्ता लागलेला नव्हता. गप्प बसले असते तर खोली शाबूत होती.

"दादा, खालच्या शहरात देवळं होती," मी म्हणाले. "भोवती तट होता. राजवाडा जळला तेव्हा तेही जळलं. आणि शिवाशिवीला डिस्टन्सिंग म्हणू नका. आजार गेला की डिस्टन्सिंग संपतं. आमची माणसं चांगली धडधाकट होती, तरी पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेरच राहिली."

"आमची?" दादांनी विचारलं.

"हो. आम्ही बौद्ध. त्याच वस्तीतले."

"ओह, नो वरीज," दादा हसून म्हणाले. "आम्ही असलं काही मानत नाही."

मीटिंग जरा लवकरच आटोपली.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमधल्या, दोन्ही घरांच्या सामायिक वॉशिंग मशीनमधून माझे कपडे काढत होते. सरिताताई हातमोजे घालून आल्या आणि मी बाजूला होताच स्प्रे मारून बटणं पुसायला लागल्या. आदल्याच आठवड्यात आम्ही दोघींनी तिथेच उभं राहून एका बशीतली भजी खाल्ली होती.

"ताई, मी पॉझिटिव्ह नाहीये."

"माहितीये गं," त्या म्हणाल्या आणि मशीनचं झाकणही पुसून काढलं. "लॉकडाऊन उठला की दुसरीकडे बघशील ना?"