कंद

डिंपलने कोपरापर्यंत हात पाण्याने भरलेल्या काचेच्या टाकीत घातला, तळाच्या बारीक खडीत बोटं खुपसली आणि एक रोप उपटून काढलं. पानं हिरवीगार होती. खालचा कंद मात्र बोटांत चेपला गेला आणि नासका वास सुटला.

"आई, हे कुणी गाडलं?"

"मी," सासूबाई, कुंदाबाई, ऐटीत म्हणाल्या. "चाळीसच्या चाळीस. तू दोऱ्यानं दगडाले बांधून गेली व्हती, मुळ्या उघड्या! असं कुठी राह्यतं का?"

डिंपलने शेजारचं रोप उपटलं; त्याचाही कंद मऊ पडला होता.

सावद्यात कुंदाबाईंचा हात म्हणजे हात. केळीची लागवड निघाली की पहिला कंद त्यांनीच लावावा म्हणून लोक बोलवायला येत, आणि बाई जरा भाव खाऊनच जात. कंद पुरायचा, वरून माती दाबायची, हे त्यांना झोपेतही जमलं असतं. सुनेच्या काचेच्या टाक्यांना त्या 'शेवाळाची शेती' म्हणायच्या. पण डिंपल बहिणीच्या बाळंतपणासाठी दहा दिवस दोंडाईच्याला गेली आणि त्या उघड्या मुळ्या त्यांना बघवेनात. केलं ते मायेनेच, म्हणून तर धड भांडताही येईना.

पाण्यात वाढणाऱ्या ह्या अनुबियासचा कंद झाकला की सडतो. तो दगडाला बांधून मोकळाच ठेवायचा. चार मोठ्या रोपांच्या कंदांचे तुकडे करत डिंपलने दीड वर्षात ही चाळीस रोपं उभी केली होती. शनिवारी ही सगळी रोपं जळगावला शोभेच्या माशांच्या दुकानात जायची होती. तिची पहिलीच ऑर्डर!

"तुम्हाला फक्त लाइट लावायला सांगितला होता ना? मला एक फोन तरी करायचा!" बोलता बोलता तिला रडू फुटलं.

कुंदाबाईंनी आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती, आजही मागितली नाही. त्यांनी सुनेच्या हातातलं रोप ओढून घेतलं, हुंगलं, कंद नखाने खरवडला.

"आतून पांढरा हाये अजून. ब्लेड आण."

लागवडीआधी केळीचा कंद तासून किडका भाग काढतात. ते काम त्यांनी चाळीस वर्षं केलं होतं, पण ते कंद नारळाएवढे आणि हे करंगळीएवढे. चष्मा लावून त्या ओट्यावर बसल्या. काळं पडलेलं तेवढं त्या काढत होत्या, पांढऱ्याला धक्का लागू देत नव्हत्या. डिंपल डोळे पुसत एकेक रोप पुढे करत होती, तासलेलं परत दगडाला बांधत होती. दुपारचं जेवण राहूनच गेलं. नऊ रोपं टाकून द्यावी लागली.

शुक्रवारी डिंपलने उरलेला एकेक कंद दाबून पाहिला. एकतीसच्या एकतीस टणक होते. मग तिने दुकानदार अभिमनला फोन लावला. हात ओले म्हणून स्पीकरवर.

"भाऊ, चाळीस नाही, एकतीसच आहेत. नऊ सडली. चूक माझीच."

"पहिल्याच खेपेला असं, ताई? जमेल ना तुम्हाला हे काम?"

कुंदाबाईंनी फोन उचलला आणि तोंडाजवळ धरला.

"ओ भाऊ, मी कुंदाबाई, तिची सासू. तिची कसली चूक? ते नऊ मी मारले. काही समजत नसताना गाडून ठेवले. या पोरीनं चाराचे चाळीस केले, तिच्या हातून एक बी मेलं नाही. मी कोणाचं उगा कौतुक करत नाही, सावद्यात कोणालेबी इचारा."

डिंपल सासूच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"आता पुढच्या खेपेले कितीक लागतील ते सांगा," कुंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन सुनेपुढे धरला. "काय बघू राह्यली? भाऊ सांगतीन ते लिहून घे."