चौथा कौल

बाबांच्या श्राद्धाला मी पहाटेपासून राबत होते. कच्च्या केळ्यांत शिजवलेल्या गोगलगायी, लाल चिकट भात, अख्खी उकडलेली कोंबडी, सगळं बाबांच्या आवडीचं. आई गेल्यापासून बारा वर्षं हे मी एकटीच करते. माझा थोरला भाऊ कीएन हनोईहून सकाळी अकराला येतो, तीन उदबत्त्या लावतो, जेवतो, जातो.

यंदा मात्र आल्या आल्या मला हाक मारून म्हणाला, "ह्वाय, देव्हाऱ्यातलं उदबत्तीचं पात्र मी घेऊन जातोय. थोरला मुलगा मी. त्यात वसणारे पूर्वज माझ्याकडेच हवेत."

"आज आठवलं थोरलेपण?"

"चिडू नकोस. धंद्यात काही धड होत नाहीये. ज्योतिषी म्हणाले, पूर्वज दूर आहेत म्हणून."

"पूर्वज आहेत तिथेच आहेत, दादा. लांब तू गेलास."

लामकाका मध्ये पडले. घराण्यात आता तेच वडीलधारे. "भांडू नका. तुमच्या बापालाच विचारू."

त्यांनी बशीत दोन जुनी नाणी ठेवली. दोन्हींची एकेक बाजू चुन्यानं पांढरी केलेली. एक पांढरं, एक काळं पडलं तर होकार, दोन्ही सारखी पडली तर नकार. टाकायची तीनदाच.

दादानं हात जोडून टाकली. दोन्ही काळी. मग दोन्ही पांढरी. "हसतोय तुमचा बाप," काका म्हणाले. तिसऱ्यांदा पुन्हा दोन्ही काळी.

माझा जीव भांड्यात पडला.

"हात घसरला माझा," असं म्हणत दादानं कुणी बोलायच्या आत नाणी पुन्हा टाकली. एक पांढरं, एक काळं. "झाला होकार!"

"काका, तीनदाच ना?"

काका हनुवटी खाजवत बसले. "थोरला मागतोय, पोरी. आणि तू लग्न होऊन गेलेली."

"पलीकडच्या गल्लीत गेले, काका! रोज सकाळी इथलं पाणी कोण बदलतं?"

काकांनी नाणी उचलून खिशात टाकली.

ते पात्र दादाला धड धरताही येईना, म्हणून जेवणं झाल्यावर मी गाडीत बसले. हनोईपर्यंत ते माझ्या मांडीवर होतं. सोळाव्या मजल्यावर वहिनींनी दार उघडलं. भिंतीवर छोटी फळी लावून ठेवली होती.

"वन्सं, खरी उदबत्ती नको हं. धुरानं अलार्म वाजतो. या विजेच्या आणल्यात. बटण दाबलं की झालं."

मी दादाकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये.

"बाबांना बटण दाबून जेवायला बोलावणार?"

"ह्वाय, दमवू नकोस. पूर्वज समजून घेतात."

"त्यांनी तीनदा नाही म्हटलं. तू समजून घेतलंस?"

मी पिशवीतून काडेपेटी काढली आणि तीन खऱ्या उदबत्त्या लावल्या. दोन मिनिटांत भोंगा किंचाळायला लागला. खालून पहारेकरी धावत आला. वहिनी त्याची माफी मागत होत्या आणि दादा माझ्या हातातून उदबत्त्या हिसकावून मोरीत विझवत होता.

"शोभतं का हे तुला?" तो ओरडला.

मी पात्राला तीनदा वाकून नमस्कार केला आणि संध्याकाळची बस धरली.

बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "कुणाला पोचवायला आला होतात?"

"बाबांना. भावाकडे."

"बरं केलंत. म्हाताऱ्या माणसांना मुलाकडेच बरं वाटतं."

मी दात आवळून खिडकीकडे तोंड फिरवलं.