सात मोबाईलांची हजेरी

सुषमा वरठानं स्टाफरूमच्या टेबलावर सात मोबाईल ओळीनं मांडले आणि सगळे चार्जर एक्स्टेन्शन बोर्डात खुपसले. एक मोबाईल तिचा, बाकी सहा डहाणूच्या कॉलेजातल्या कायम प्राध्यापकांचे. सातही पडद्यांवर एकच बाई एकच गोष्ट सांगत होती, की कृत्रिम बुद्धिमत्ता जबाबदारीनं कशी वापरावी. आवाज फक्त सुषमाच्या मोबाईलचा चालू होता. बाकी सहांमधली बाई बिचारी मुक्यानंच तोंड हलवत होती.

'उच्च शिक्षणात एआयचा जबाबदार वापर' असं त्या ऑनलाइन प्रशिक्षणाचं भारदस्त नाव होतं. ते पाच दिवस घरबसल्या करायचं आणि शेवटी प्रमाणपत्र घ्यायचं. प्रमाणपत्र बढतीच्या फायलीला लागतं, म्हणून नावं सगळ्यांनी धडाधड नोंदवली. पण दर वीस मिनिटांनी, बाईचा आवाज बंद असला तरी, टिंग वाजून पडद्यावर पाटी यायची, 'आपण उपस्थित आहात का?' मिनिटभरात 'होय' दाबलं नाही, की माणूस गैरहजर. आता मे महिन्याच्या सुट्टीत एवढा जाच कोण सोसणार? मनोरमा मॅडम साड्या घ्यायला वापीला गेल्या होत्या, शांताराम सर आशागडच्या वाडीत चिकू उतरवून घेत होते. जाताना दोघंही मोबाईल सुषमाच्या हाती देऊन गेले, चपला राखायला द्याव्यात तसे. बाकीच्यांनीही तोच कित्ता गिरवला.

सुषमानं हूं की चूं केलं नाही. ती तासिका तत्त्वावरची मास्तरीण. दर जूनला तिची नव्यानं मुलाखत व्हायची, आणि मुलाखत घेणाऱ्यांत हीच मंडळी बसायची. शिवाय यंदा हे प्रमाणपत्र तिलाही सक्तीचं होतं. ते नसेल तर आपल्या गावच्या, उधव्याच्या वाटेनं परत, मग आधीची चार वर्षं कितीही जीव तोडून शिकवलेलं असो. म्हणून ती सात पडद्यांवर सात वेळा 'होय' दाबत होती आणि स्वतःलाच मनातल्या मनात शिव्या घालत होती.

तिसऱ्या दिवशी गृहपाठ आला. तुमच्या वर्गात एआय कसा वापरलात, त्याचा खरा अनुभव लिहा. सहा जणांचा अनुभव एआयनंच लिहिला, कारण तसं त्यांनी सुषमाला जातानाच सांगून ठेवलं होतं. स्वतःचा मात्र तिनं हातानं लिहिला. गेल्या वर्षी तिनं तलासरीकडच्या पोरींना एआयला कवळीच्या भाजीबद्दल विचारायला लावलं होतं. ही रानभाजी पावसाळ्याच्या तोंडाला उगवते, पण पाड्यावर देवाला दाखवल्याशिवाय तिला कुणी तोंड लावत नाही. यंत्रानं मोठ्या ऐटीत ठोकून दिलं, की कवळी हिवाळ्यात खातात. पोरी हसून हसून लोळल्या. मग पाड्यावरच्या जमनाबायकडे जाऊन त्यांनी खरं काय ते लिहून आणलं. "पयला देवाला, मंग आपल्याला," जमनाबाय म्हणाली होती, "आन् तुमचा तो यंतर रानात कवा गेलता?" ते वाक्यही सुषमानं जसंच्या तसं लिहिलं.

या प्रशिक्षणाचे कॉलेजातले समन्वयक परेश सर; ते स्वतःही लॅपटॉपवरून तेच प्रशिक्षण करत होते. "सुषमा, तुझं लिहून झालं का? नमुन्याला पाठव ना जरा," ते म्हणाले. तिनं पाठवलं. त्या संध्याकाळी उधव्याला नेटवर्क गेलेलं, म्हणून तिचा गृहपाठ दुसऱ्या दिवशी सकाळी जमा झाला.

पाचव्या दिवशी सकाळी निकाल लागला. सहाही मोबाईल उत्तीर्ण. परेश सर सर्वोत्कृष्ट, समारोपात त्यांचं भाषण. आणि सुषमा वरठापुढे शेरा होता, 'श्री. परेश यांच्या लेखनाची नक्कल. प्रमाणपत्र रोखले.'

तशीच ती परेश सरांसमोर उभी राहिली. "सर, ते माझं होतं."

"अगं, आयडिया तुझी, मान्य," सर म्हणाले. "पण मी एआयकडून सगळं पॉलिश मारून घेतलं ना! भाषा बघ कशी झालीय. तू पुढची बॅच कर."

"मुलाखत दहा दिवसांवर आलीय, सर."

"मग पुढच्या वर्षी! आत्ता मोबाईल सांभाळ. समारोपात हजेरीची पाटी येणार आहे, ती चुकली तर सगळ्यांची प्रमाणपत्रं जातील."

आणि ही बया परत जाऊन मोबाईल सांभाळत बसली! चार वर्षांची सवय, दुसरं काय. परेश सर शेजारच्या केबिनमध्ये लॅपटॉपपुढे बसले, टाय बिय लावून. मधलं दार उघडंच होतं.

सर झकास बोलले. जबाबदारी हा शब्द त्यांनी बहुधा अकरा वेळा वापरला. मग प्रशिक्षण चालवणाऱ्या अदिती मॅडमनी पडद्यावरून विचारलं, "सर, तुमच्या विद्यार्थिनींनी यंत्राची नेमकी कोणती चूक पकडली?"

सरांनी कागदावरून वाचलं, "यंत्र म्हणालं की कवळी पावसाळ्यात उगवते. पण आमच्या मुलींनी जमनाबाईंकडून शोधून काढलं, की ती हिवाळ्यात उगवते."

सुषमाचा हात हवेतच थांबला. पॉलिश मारताना यंत्रानं स्वतःची चूक गुपचूप जमनाबायच्या तोंडी घातली होती, आणि या शहाण्यानं एकदा डोळ्यांखालूनही घातलं नव्हतं. हा माणूस डहाणूत जन्मला, डहाणूत वाढला!

तेवढ्यात कोसबाडचे कुणी शेतीचे शिक्षक पडद्यावर बोलले, "सर, हिवाळ्यात कवळी? कुठे मिळाली? मलाही दाखवा."

"त्याचं काय आहे," सर म्हणाले. माईक बंद करून त्यांनी हाक मारली, "सुषमा! ये, पटकन सांग!"

ती आत गेली. सांगितलं मात्र काहीच नाही. सरांच्या शेजारची खुर्ची ओढून ती कॅमेऱ्यासमोर बसली आणि तिनंच माईक चालू केला.

"कवळी पावसाळ्याच्या तोंडाला येते," ती म्हणाली. "हिवाळा यंत्र म्हणालं होतं. ज्या पोरी त्याला हसल्या त्या माझ्या, आणि जमनाबाय आमच्या पाड्यावरची. यंत्र रानात कधी गेलं होतं, असं तिनं विचारलं होतं. ते वाक्य सरांच्या कागदावर आहे का, विचारा त्यांना."

परेश सर कागद चाळत राहिले. वाक्य नव्हतं. पॉलिशमध्ये गेलं होतं.

"आपण कोण?" अदिती मॅडमनी विचारलं.

"सुषमा वरठा."

मॅडमनी यादीवरून बोट फिरवलं. "तुमचं नाव तर नक्कल करणाऱ्यांत आहे."

"तेच सांगायला बसलेय," सुषमा म्हणाली.

त्याच वेळी स्टाफरूममधून टिंग झालं. मग दुसरं, तिसरं. सातही मोबाईल एकामागोमाग वाजले. हजेरीची पाटी आली होती. परेश सरांनी टेबलाखालून तिला कोपर मारलं आणि दातांवर दात ठेवून म्हणाले, "पाटी आलीय! जा, दाब!" माईक चालूच आहे, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

"सर, कसली पाटी? कुणाला पाठवताय?" अदिती मॅडमनी विचारलं.

सुषमा उठली नाही. त्या सात मोबाईलांत एक तिचाही होता, आणि मिनिट संपत आलं होतं.

"सांगते, मॅडम," ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून सांगते." आणि तिनं खुर्ची आणखी पुढे ओढली.